थरांचा फोटो पाहिला म्हणजे मेमरी कळली का?

कॉलेजरोडकर
रविवारी मित्राच्या घरी आठ-दहा जण जमलो होतो. एकाने फेज-चेंज मेमरीवर, म्हणजे पदार्थाची अवस्था बदलून शून्य-एक साठवणाऱ्या मेमरीवर, बोलताना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो दाखवला. काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, मध्येमध्ये काळी फट. म्हणे, "जर्मेनियमचा अणू इथून तिथे उडी मारतो, शून्याचा एक होतो. वितळवायची गरजच नाही." सगळे वा वा म्हणाले. मी तोंड उघडलं तोवर मिसळ आली आणि विषय बुडाला. म्हणून इथे मांडतो.

पदार्थ म्हणजे जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम, प्रमाण २:२:५. साखरेचा पाक आठवा. गरम पाक झटकन थंड केला तर काचेसारखा होतो, ऊब मिळत राहिली तर साखरतो. इथेही तसंच. ६०० अंशांच्या वर वितळवून क्षणात गार केलं की अणू अस्ताव्यस्त राहतात आणि वीज अडते. वितळण्याच्या खालीच थोडं तापवलं की स्फटिक होतो, वीज सहज जाते. झाला शून्य आणि एक.

स्फटिकाचे प्रकार मात्र दोन. साधारण १५० अंशांना आधी मिठासारखी घनाकार रचना होते: निम्म्या जागा टेल्युरियमच्या, उरलेल्या निम्म्यांत जर्मेनियम आणि अँटिमनी, आणि त्यातल्या दर पाचांतली एक जागा चक्क रिकामी. आणखी तापवलं की या रिकाम्या जागा एका पातळीत गोळा होतात, त्यांचीच फट बनते. मग नऊ-नऊ थरांच्या घड्या दिसतात: टेल्युरियम, अँटिमनी, टेल्युरियम, जर्मेनियम, टेल्युरियम, जर्मेनियम, टेल्युरियम, अँटिमनी, टेल्युरियम. नऊवारीच म्हणा.

माझं म्हणणं एवढंच: तो फोटो निवांत बसलेल्या पदार्थाचा आहे. नेहमीच्या मेमरीत नॅनोसेकंदांच्या झटक्यात बहुतेक वेळा अस्ताव्यस्त ते घनाकार एवढीच ये-जा होते, नऊवारीपर्यंत गाडी पोचतच नाही. फोटोवरून उडी सिद्ध होत नाही.

सातपूर_सेकंडशिफ्ट
दादा, तुम्ही जुन्या मिश्रणाबद्दल बोलताय, तो दुसऱ्याबद्दल बोलत असणार. २०११ मध्ये सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त दाखवलं की जर्मेनियम-टेल्युराइड आणि अँटिमनी-टेल्युराइड असे पातळ थर एकाआड एक रचले तर स्विच करायला खूप कमी ऊर्जा लागते. मोजलेली गोष्ट आहे. आम्ही मशीनवर काम करतो, मीटर काय दाखवतो ते मानतो.

कॉलेजरोडकर
ऊर्जा कमी लागते, मान्य. कारण मान्य नाही. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या लोकांनी हेच रचलेले थर मायक्रोस्कोपखाली पाहिले, तर जर्मेनियम आणि अँटिमनी एकमेकांत मिसळलेले निघाले. ज्या रचनेवर उडीचं गणित मांडलं, ती जागेवरच नव्हती! मला पटतं ते दुसरं स्पष्टीकरण: फटींतून उष्णता पलीकडे नीट जात नाही, आतच कोंडते, म्हणून थोड्या विजेत वितळतं. वितळतंच.

सातपूर_सेकंडशिफ्ट
म्हणजे थरांमुळेच फायदा झाला ना? मग त्या बिचाऱ्या फोटोवर राग का?

रसायनवाल्या_मॅडम
दोघेही फोटोवर भलताच विश्वास टाकताय. या पद्धतीच्या फोटोत ठिपक्याचा उजेड अणुक्रमांकानुसार वाढतो. जर्मेनियम ३२, तो मंद दिसतो. पण अँटिमनी ५१ आणि टेल्युरियम ५२! आवर्तसारणीतले सख्खे शेजारी. नुसत्या उजेडावरून कोण कुठला ते सांगून दाखवा.

आणि कॉलेजरोडकर, तुमची नऊवारी तुम्ही ठाम नेसवलीत, पण तिच्या निऱ्यांवरच वाद आहे. पेत्रोव यांनी १९६८ मध्ये जर्मेनियम फटीजवळ ठेवला. कोई आणि डी होसन यांनी २००२ मध्ये अँटिमनी फटीजवळ आणला, तुम्ही लिहिलाय तो हाच क्रम. २००४ मध्ये मात्सुनागा मंडळींना क्ष-किरणांत दोन्ही जागी दोघांची सरमिसळ आढळली.

पंचवटीचा_जुना
तुमचं चालू द्या. माझ्याकडे पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडींचा डबा आहे, त्यातही असलाच मिश्रधातू, सोबत चांदी आणि इंडियम. खालच्या बाजूला लिहिलेला भाग अजून वेगळ्या छटेत दिसतो, पण ड्राइव्ह वाचत नाही. त्र्यंबकेश्वरी आमच्या उपाध्यांच्या वहीत पणजोबांची सही मात्र स्वच्छ वाचता येते. इंटेलनेही ऑप्टेन नावाचं आपलं मेमरी-तंत्र २०२२ मध्ये गुंडाळलं. कशाला हे थर?

सातपूर_सेकंडशिफ्ट
काका, ऑप्टेन हिशेबात बसलं नाही म्हणून गेलं, अणूंनी दगा दिला म्हणून नाही. आणि सीडीत दरवेळी अणूच बिघडतात असं नाही. वरचा लेप उडतो, नाहीतर ड्राइव्हची लेन्स मळते. आधी दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा.

पंचवटीचा_जुना
दुसरा ड्राइव्ह आणू कुठून, तोही सांग.

कॉलेजरोडकर
मॅडम, सरमिसळीचं मान्य. वर क्रम लिहिलाय तिथे "एका मतानुसार" असं वाचावं, आता बदल करता येत नाहीये. उडी मात्र अजून अमान्य. पुढच्या रविवारी तुम्हीही या. फोटोवाल्याला मिसळ येण्याआधी बोलायला बसवू.

रसायनवाल्या_मॅडम
येते. त्याला म्हणावं, स्विच करण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो आण. एकाच जागेचे.