बीट इटवर ग्रुप डान्स बसवायचाय, सल्ला हवा

निशिगंध_कोथरूड:
सोसायटीच्या गणपतीत आमच्या पोरांना (११ जण, १३ ते १६ वयाची) मायकल जॅक्सनच्या बीट इटवर डान्स करायचाय. व्हिडिओ बघितल्यापासून दुसरं गाणं नकोच म्हणतायत. पण कमिटीतले एक काका म्हणतात नावातच मारामारी आहे, व्हिडिओत सुरे काढलेत, बाप्पासमोर हे नको. मला ते पटत नाहीये पण नीट उत्तरही देता येत नाहीये. त्यात बसवणारी मी एकटी आणि मी शिकलेय कथक, रॉकवर कधीच काही बसवलं नाही. कुठून सुरू करू? दुसरं काही सुचत असेल तर तेही सांगा.

कॅसेटवेडा:
ताई, आधी काकांना नावाचा अर्थ सांगा. बीट इट म्हणजे मार नव्हे, "चल, सटक इथून". कोणी अंगावर आलं तर शूरपणा दाखवायला थांबू नकोस, निघून जा, एवढंच अख्खं गाणं सांगतं. व्हिडिओतही दोन टोळ्या भिडायला निघतात, म्होरके मनगटं एकमेकांना बांधून सुरे काढतात आणि लाल जॅकेटातला मायकल मधे घुसून दोघांना बाजूला करतो, मग सगळे एकत्र नाचतात. लॉस एंजेलिसमधे शूट झालंय, आणि गर्दीत क्रिप्स आणि ब्लड्स या तिथल्या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांमधली खरी माणसं आहेत. मला तर त्यांचे चेहरे बघूनच अजून काटा येतो. काकांना शेजारी बसवून शेवटपर्यंत दाखवा, पाचच मिनिटांचा आहे. आणि हा मायकल १ नोव्हेंबर १९९६ ला आपल्या अंधेरीत येऊन नाचून गेलाय, काकांना आठवत असेल.

सहावी_तार:
बसवण्याबद्दल सांगतो. ठेका सरळ चार मात्रांचा आहे, दुसऱ्या आणि चौथ्यावर स्नेअर (ड्रमचा कडक ठोका), तुम्हाला कथकमुळे अजिबात जड जाणार नाही. पण लय मिनिटाला साधारण १३९ ठोके, म्हणजे पोरं धापा टाकतील, म्हणून यूट्यूबवर स्पीड ०.७५ करून शिकवा आणि हात-खांदे पक्के झाले की मगच पाय. सगळ्यांनी मिळून नाचायचा भाग व्हिडिओत अगदी शेवटी येतो, आधी सगळी चालत येण्याची ॲक्टिंग आहे, तेव्हा सुरुवातीला दोन विंगांमधून दोन गट नुसते ठेक्यावर चालत आणा, त्यातच मजा आहे. मधला गिटारचा सोलो कापू नका प्लीज!! तो एडी व्हॅन हेलन या नावाजलेल्या रॉक गिटारवाल्याने वाजवलाय, एक पैसा न घेता. व्हिडिओत सुऱ्यांची झटापट त्याच सोलोवर आहे, तुम्ही सुऱ्यांऐवजी दोघांच्या मनगटांना एकच ओढणी बांधा आणि मायकल झालेल्या पोराला ती सोडवू दे. कुणी लाईव्ह गिटार वाजवणार असेल तर सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावायला सांगा, नाहीतर ट्रॅकशी जुळणार नाही.

रातराणी७७:
व्हिडिओत पांढऱ्या कपड्यातला म्होरक्या दिसतो ना, तोच मायकल पीटर्स, डान्स त्यानेच बसवलाय. त्याने आणि त्याच दिग्दर्शकाने, म्हणजे बॉब जिराल्डीने, १९८३ मधेच पॅट बेनाटार या गायिकेच्या लव्ह इज अ बॅटलफील्डचाही व्हिडिओ केला. त्यात शेवटी मुली गटाने खांदे हलवत पुढे येतात, नुसत्या त्या चालीत इतकी ताकद आहे की बस. गोष्ट लहान मुलांसाठी नाहीये म्हणून गाणं नका घेऊ, तेवढ्या स्टेप्स मात्र बघाच. दुसरं गाणंच हवं असेल तर मायकलच्या बहिणीचं, जॅनेट जॅक्सनचं ऱ्हिदम नेशन. सुरे नाहीत, सगळ्यांना एकसारखा युनिफॉर्म, आणि बोल वर्णभेदाविरुद्ध. पण त्यात एकाचा हात चुकला तरी लगेच दिसतो, दोन महिने असतील तरच.

निशिगंध_कोथरूड:
सगळ्यांचे मनापासून आभार! काल काकांना व्हिडिओ दाखवला. मायकल मधे पडला तिथे ते म्हणाले, "अरे हा भांडण सोडवतोय की." परवानगी मिळाली, ओढणी त्यांच्याच घरातून येतेय. हातात पाच आठवडे आहेत त्यामुळे ऱ्हिदम नेशन पुढच्या वर्षी. आता एकच अडलंय, ११ पोरांचे दोन गट आणि एक मायकल, हिशोब बरोबर बसतोय पण मायकल व्हायला चौघं तयार आहेत. काय करू?

सहावी_तार:
प्रत्येक कडव्याला मायकल बदला. लाल जॅकेट एकच ठेवा आणि स्टेजवरच एकाने काढून दुसऱ्याला घालू दे.