मदत हवी आहे: एकपात्रीत ती स्वतःला काय म्हणेल?

नमस्कार मंडळी, इंदूरला आमच्या ग्रुपसाठी उर्सुला कुचिन्स्कीवर वीस मिनिटांचं एकपात्री बसवतेय. १९०७ ला बर्लिनला जन्म, तरुणपणीच कम्युनिस्ट पक्षात, शांघायला सोव्हिएत हेरखात्याचं काम सुरू, सांकेतिक नाव सोन्या, पुढे इंग्लंडात बॅनबरीजवळ शास्त्रज्ञ क्लाउस फुक्सला भेटून अणुबॉम्बचे कागद घ्यायची आणि घरच्याच ट्रान्समीटरवरून मॉस्कोला मेसेज पाठवायची.

माझा जीव अडकलाय तो १९३३ च्या प्रसंगात. मॉस्कोला ट्रेनिंगला जाताना लहानग्या मुलाला, मिशाला, तिने सासू-सासऱ्यांकडे ठेवलं, बरोबर नेला असता तर रशियन शब्द उचलले असते आणि परत आल्यावर त्याच्याच तोंडून सगळं फुटलं असतं. ही गोष्ट ती स्वतः सांगते, तिथे "मी कोण" हा शब्द मला सापडत नाहीये.

'गुप्तहेर' म्हटलं की आपल्याकडे लगेच बहिर्जी नाईक आठवतात, 'एजंट' म्हणजे प्लॉट विकणारा वाटतो, 'जासूस' इथे सगळ्यांना कळेल पण मराठी वाक्यात खटकतो, 'कार्यकर्ती' म्हणून पाहिलं तर चोरून करायच्या कामातली भीतीच निघून जाते. 'कॉम्रेड' मी बाकीच्यांच्या तोंडी ठेवलाय, तो चालतोय.

प्रेक्षक बहुतेक साठीच्या पुढचे आणि काही शाळेतली मुलं, स्लाइड वगैरे नाहीत, निवेदकही नाही, त्यामुळे शब्द ऐकताक्षणी कळायला हवा. तिला हिरॉइन पण करायचं नाहीये आणि गुन्हेगार पण नाही.

तर आईने पोराला सोडून जाताना स्वतःसाठी वापरावा असा कुठला शब्द तुम्हाला सुचतो, की शब्दच टाळून नुसतं "माझं काम" म्हणू?