मदत हवी आहे: सफाईनंतर पेंटबॉल गनच्या बॅरलमधून (नळीतून) हवा गळतेय. कप सील (व्हॉल्व्ह बंद ठेवणारी छोटी चकती) की व्हॉल्व्हची ओ-रिंग (रबरी कडी)?

मेकॅनिकल ब्लोबॅक (हवेच्या धक्क्याने आपोआप पुन्हा कॉक होणारी) पेंटबॉल गन, रंगाच्या गोळ्या उडवणारी, ०.६८ कॅलिबर, कॉम्प्रेस्ड हवेची टाकी. पूर्ण खोलून साफ करून जोडली, तर बॅरलच्या तोंडातून सारखी बारीक फुसफुस. हॅमर (व्हॉल्व्हवर आपटणारा ठोकळा) पुढे असताना तो व्हॉल्व्हची पिन दाबून ठेवतो, तेव्हा हवा सुटते हे मान्य. पण इथे गन कॉक केलेली (हॅमर मागे ओढून अडकवलेला) असतानाही गळती आहे.

टाकी काढून, उरलेली हवा सोडूनच गन उघडली होती. बोल्टवर (गोळी बॅरलमध्ये ढकलणाऱ्या भागावर) चिकटलेला फुटलेल्या गोळ्यांचा रंग कोमट पाण्याच्या फडक्याने निघाला. टाकीच्या तोंडाची ०१५ नंबरची ओ-रिंग नवी आहे. टाकीच्या जोडापाशी पेंटबॉल तेलाचे ५ थेंब घालून गोळ्यांशिवाय २० वेळा चालवली. फरक शून्य. (गंज काढायचा स्प्रे कृपया सुचवू नका, ओ-रिंगांची वाट लागते.)

भिंगातून पाहिलं तर कप सीलच्या बसायच्या कडेवर केसाएवढा आडवा चरा दिसतो. पिन सरळ आहे, मागची स्प्रिंगही ठीक.

१. एवढ्या चऱ्यातून इतकी हवा जाते का, की व्हॉल्व्ह बॉडीच्या बाहेरच्या ओ-रिंगवर संशय घ्यावा? दोन्ही गळती ओळखायची कशी?
२. कप सील बदलताना व्हॉल्व्हची धातूची बैठक कशाने पुसावी? पॉलिश पेपर लावायची हिंमत होत नाही.
३. नव्या सीलनंतर वेग वाढला, तर ३०० फूट प्रति सेकंदाच्या आत आणायला वेगाचा स्क्रू किती फिरवून क्रोनो (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) बघावा?