वादळात पर्पल मार्टिनचं घर पडलं, अंडी फुटली, पुन्हा घरटं करतील का? मदत हवी आहे

३१ मे
नमस्कार मंडळी. मी इलिनॉयमध्ये स्प्रिंगफील्डजवळ राहते. मागच्या अंगणात खांबावर पर्पल मार्टिनसाठी १२ खोल्यांचं अ‍ॅल्युमिनियमचं घर आहे, सहावं वर्ष. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्या माळभिंगरीच्याच कुळातला पक्षी पण अंगाने मोठा, नर उन्हात जांभळा-काळा चमकतो. थंडीत ब्राझीलकडे असतात, एप्रिलपर्यंत इथे येतात. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडे हे पक्षी जवळजवळ फक्त माणसांनी लावलेल्या घरांतच राहतात, म्हणून जीव नुसता खालीवर होतोय.

परवा रात्री वादळात खांब मधून वाकला आणि घर जमिनीवर आपटलं. ७ खोल्यांत घरटी होती, सहांमध्ये अंडी आणि एकात ४ पिल्लं, पाचेक दिवसांची, अंगावर पीसही नाही. सकाळी टॉर्च घेऊन गेले तर गवतात पांढरी कवचं, चिखल, घरट्यातली हिरवी पानं सगळं एकत्र लगदा झालेलं. पिल्लं वाचलीत, बुटांच्या खोक्यात ऊब देऊन ठेवलीत. १३ अंडी अख्खी आहेत पण रात्रभर ओल्या गवतात होती. आणि एक नर त्या वाकलेल्या खांबावर चोचीत हिरवं पान धरून बसलाय, खाली बघतोय, उडतो आणि परत तिथेच येतो. मला बघवत नाहीये.

नवीन घर तिथेच लावू का? अंडी परत ठेवू का? जून लागतोय, आता पुन्हा अंडी घालायला वेळ आहे का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.

तुंबेवाला:
ताई, आधी पिल्लं. आजच्या आज, नवीन घराची वाट बघू नका. तेवढ्याच उंचीचा कुठलाही खांब त्याच जागी रोवा आणि जे मिळेल ते लावा, प्लास्टिकचा तुंबा (टांगायचं भोपळ्याच्या आकाराचं पोकळ घरटं) तिकडे दुकानात मिळतो. तळाला कोरडी पाइनची पानं घाला, पिल्लं आत ठेवा आणि लांब जाऊन बसा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लं टाकत नाहीत, भूक लागून ती ओरडली की येतात. जागा मात्र बदलू नका, त्यांना ती जागा ओळखीची आहे. तुंबा म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचंच फळ बरं का, अमेरिकेतले मूळनिवासी चोक्टॉ आणि चिकासॉ लोक पूर्वीपासून असे पोकळ भोपळे ह्या पक्ष्यांसाठी टांगत आलेत.

ओहायोची मावशी:
रात्रभर ओल्यात गार पडलेल्या अंड्यांतून पिल्लं निघणं अवघड आहे गं. तडा गेलेली फेकून दे नाहीतर मुंग्या लागतात. गार अंडी परत ठेवलीस तर मादी त्यांच्यावरच बसून राहील आणि दिवस फुकट जातील, म्हणून मी तरी ठेवणार नाही. कोरडं रिकामं घरटं दे. वेळ आहे अजून, घाबरू नकोस. जूनच्या मध्यापर्यंत अंडी सुरू झाली तर रोज एक याप्रमाणे चार-पाच दिवस, मग १५-१६ दिवस उबवणं, मग साधारण ४ आठवडे पिल्लं आत. म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला उडतील. दुसऱ्या खेपेला अंडी बहुतेक कमी असतात, चार नाहीतर तीन, तर त्याचं वाईट वाटून घेऊ नको. सगळ्या जोड्या पुन्हा करतीलच असं नाही, काही निघूनही जातील. आणि तीन-चार दिवस थंड पाऊस लागून राहिला तर किडे उडत नाहीत, पक्षी उपाशी राहतात, तेव्हा खांबाजवळ रातकिडे हवेत उडवून दे, शिकले की झेलतात.

तुंबेवाला:
अजून एक, नव्या घराला अर्धचंद्राकार दारं बघून घ्या, उंची १ आणि ३/१६ इंच, म्हणजे घरटी बळकावणारा स्टारलिंग पक्षी आत शिरत नाही. खांब काँक्रीटमध्ये पक्का बसवा, आणि साप-रॅकून चढू नयेत म्हणून पत्र्याचं नरसाळं घाला. झाडापासून ४० फूट तरी लांब असू द्या.

१७ जून
उशीर झाला लिहायला, सॉरी. तुंब्यात ठेवलेल्या पिल्लांपाशी त्याच दुपारी, अर्ध्या तासात मादी आली, तोंडात चतुर होता. चारही जगलीत, आता पिसं भरलीत. नवं घर ३ तारखेला लागलं, ४ जोड्या परत आल्या, तीन जोड्या दिसतच नाहीत. ५ नंबरच्या खोलीत परवा एक अंडं होतं, आज तीन आहेत.

पण ८ नंबरात चिमण्यांनी गवत भरायला घेतलंय. गावी चिमण्यांना तांदूळ टाकत मोठी झालेली मी, आणि इथे रोज सकाळी त्यांचं घरटं उपसतेय. इथे त्या बाहेरून आणलेल्या, मार्टिनची अंडी फोडतात, कायद्याचं संरक्षणही नाही, सगळं कळतं. पण काढलं की तासाभरात पुन्हा गवत येतं. ते दार काही दिवस बंद ठेवलं तर चालेल का, की त्या मग ५ नंबरातच घुसतील?