ओकुहिदा: जेवण, एकत्र अंघोळ आणि डोंगर

एकांनी विचारलंय की जपानमधल्या ओकुहिदा या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या डोंगराळ भागातल्या र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी सरायीत, शाकाहारी जेवण मिळेल का आणि नवराबायकोला एकत्र अंघोळ करता येईल का.

जेवणात घोळ होतो तो दाशीमुळे, म्हणजे पदार्थांत घालायच्या अर्काच्या पाण्यामुळे. 'मांस-मासे नको' एवढंच कळवलं तर मिसो सूपमध्ये, शिजवलेल्या भाज्यांतही कात्सुओ माशाचा अर्क असतोच. तिथे तो मिठासारखा गृहीत असतो. आरक्षण करतानाच जपानीत लिहा: कात्सुओ नको, कोम्बू (समुद्री शेवाळ) किंवा शिताके (अळंबी) यांची दाशी चालेल. आयत्या वेळी काही बदलत नाही. नकार आला तर 'सुदोमारी' म्हणजे बिनजेवणाचा दर घ्या आणि खाणं जवळच्या ताकायामा शहराहूनच न्या, संध्याकाळी गावात फारसं काही उघडं नसतं.

एकत्र अंघोळीला 'काशिकिरी' म्हणजे ठरावीक वेळेपुरतं खासगी कुंड. तिथेही आधी स्टुलावर बसून साबण लावून फेस पूर्ण धुवायचा, मगच पाण्यात. छोटा पंचा डोक्यावर, पाण्यात नाही. पाणी साधारण ४२ अंश, पहिल्यांदा दहा मिनिटं पुष्कळ. चांदीची जोडवी-पैंजण काढून ठेवा, गंधकाच्या पाण्यात काळी पडतात.

आता डोंगर. 'यामागावा' म्हणजे डोंगराकडची खोली, पण बऱ्याचदा खिडकीसमोर नुसता मागचा उतार आणि झाडं! त्यापेक्षा यारिगाताके किंवा कासागाताके ही शिखरं घेऊन, अमुक शिखर खोलीतून दिसतं की फक्त उघड्या कुंडातून, असं नाव घेऊन विचारा. दुपारनंतर ढग चढतात. पहाटेची अंघोळ चुकवू नका.