सातबारा सोप्या मराठीत छापावा का?

हवेलीकर
नावापुढच्या रकान्यात 'आकार 3.25' दिसलं की मुळशी-मावळात जागा बघत फिरणारा पुणेकर जमिनीचं माप समजतो. ती सरकारी साऱ्याची रक्कम आहे, रुपये-पैशांत. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचं, हिस्सा भावा-बहिणींचाही असू शकतो. 'अ.पा.क.' असेल तर मालक अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, आणि कारभार पालकाकडे. यावर व्यवहार फसतात. सरळ मराठीत लिहायला काय हरकत आहे?

फेरफारवाला
हरकत आहे. 'भोगवटादार वर्ग 2' सोपं करून काय लिहाल, 'न विकता येणारी'? चूक. विकता येते, पण अटींवर, आणि कुळाची, वतनाची, सरकारने दिलेली अशी जमिनीगणिक अट वेगळी. कूळकायद्याने विकत घेतलेली असेल आणि त्या खरेदीला 10 वर्षं झाली असतील, तर आकाराच्या 40 पट नजराणा सरकारला भरून, शेतकऱ्यालाच विकता येते. पोटखराबाला, म्हणजे जमिनीतल्या लागवडीबाहेरच्या तुकड्याला, 'नापीक' म्हणाल? वर्ग अ म्हणजे खडकाळ, लागवडीला अयोग्य. वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा, कालवा यांखालची. दोन्हींना एकच शब्द लावलात की ओढाही लोक नांगरून घेतील.

हवेलीकर
'आकाराच्या 40 पट' वाचून एखादा क्षेत्राला 40 ने गुणत बसेल, त्याचं काय? वर्ग 2 राहू द्या की. मी संक्षेप उलगडा म्हणतोय.

मोजणीदार
शब्दांवर भांडताय, घोळ आकड्यांत जास्त होतो. 0.40.00 म्हणजे हेक्टर, आर, चौरस मीटर. एजंट तेच '40 गुंठे, एक एकर' म्हणून सांगतो. गुंठा 1089 चौरस फूट, आर साधारण 1076.4. चाळिसावर सुमारे 504 चौरस फूट कमी भरतात. कोथरूडच्या दराने हिशेब करून बघा! शेजारी एकूण चौरस मीटर छापले तरी पुष्कळ.

फेरफारवाला
चौरस मीटर मान्य. संक्षेपही उलगडा, जागा पुरत असेल तर. पण पाटी बदलून समज येत नाही. तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, गावात अजून 'तलाठी आलेत का?' असंच विचारतात.

हवेलीकर
मग 'आकार' खोडून 'शेतसारा' एवढं तरी?

फेरफारवाला
शेतसारा नको, बिनशेतीलाही आकार लागतो. 'आकारणी' करा. त्याच कागदावर वर डावीकडे तो शब्द आधीच छापलेला आहे.