ब्रंचच्या टेबलाशेजारी कराओकेचा माईक हवाच कशाला?

गिरगावकर: फोर्टातल्या एका बारमध्ये रविवारी सकाळी अकरापासून ब्रंच, काउंटरवर क्राफ्ट कॉकटेल आणि दीड वाजता त्याच हॉलमध्ये कराओके, असा बेत असतो. जेवण उत्तम, कॉकटेलही उत्तम. पण माईक सुरू झाला की समोरच्याशी बोलता येत नाही, आणि ब्रंचला माणूस निवांत गप्पा मारायलाच जातो. कोकम किंवा त्रिफळ घातलेल्या ग्लासासाठी आठशे-हजार मोजायचे आणि चव घेत असताना कानाशी कोणीतरी तारसप्तकात! कराओकेला माझा विरोध नाही, त्याला वेगळी खोली द्या. जपानमध्ये १९७१ साली कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी कराओकेचं यंत्र बनवलं ते बारसाठीच, पण १९८०च्या दशकात तिथेच गाण्याच्या बंद खोल्या आल्या आणि लोकांनी त्या उचलून धरल्या.

मयूरी_ठाणे: अजिबात पटलं नाही. खोलीत कोंडून घेतलं की आपल्याच चार मैत्रिणींसमोर गायचं, ते तर घरीही होतं. पलीकडच्या टेबलावरची अनोळखी माणसं ध्रुवपद उचलतात, त्यासाठी मी तिथे जाते. आणि फोर्टच का? रविवारी ऑफिसं, बँका बंद, रस्ते ओस. दुपारी गाण्याने कुणाची झोपमोड होणार? इनोउएंचं नाव काढलंत म्हणून सांगते, २००४ साली त्यांना इग नोबेलचा शांतता पुरस्कार मिळाला तो लोकांना एकमेकांना सहन करायची नवी रीत दिली म्हणून. पुरस्कार गमतीचा असला तरी कारण मला शंभर टक्के मान्य आहे.

काउंटरमागून: मी त्याच बारचा बारटेंडर आहे, म्हणून काउंटरच्या आतली गोष्ट सांगतो. शेक करताना आम्ही कानाने काम करतो. सुरुवातीला बर्फ खणखणतो, मग खडे झिजतात, आवाज बोथट होतो, तिथे थांबायचं. स्पीकर डोक्यावर असेल तर ते ऐकूच येत नाही, आणि ड्रिंक एकतर कमी गार होतं किंवा पाणचट. दुसरं म्हणजे, एक गाणं संपलं की सगळी टेबलं एकदम ऑर्डर देतात. अंड्याचा पांढरा भाग घालून फेस आणलेली सहा सावर, म्हणजे आंबट कॉकटेल, एकत्र लागली की शेवटचा ओतेपर्यंत पहिल्याचा फेस बसलेला असतो. गिऱ्हाईक नावं ठेवतं ते आमच्या हाताला.

डोंबिवलीचे काका: आमचा निवृत्तांचा कराओके क्लब आहे. हॉल भाड्याने घेतो, वर्गणी काढतो, चहा-वडा असतो. ट्रॅक आधी पाठवायचा, स्केल जुळवून घ्यायची, साउंडवाला माणसागणिक इको कमी-जास्त करतो. बारमध्ये मोबाईलवर मिळेल तो ट्रॅक लावतात. पुरुषाच्या हाती बाईच्या स्केलचा ट्रॅक आला की तो ओरडणारच. गिरगावकर, तुम्हाला त्रास गाण्याचा नाही, वाईट व्यवस्थेचा होतोय. आणि दारू पिऊन गाणं मला मुळीच रुचत नाही, हेही स्पष्ट सांगतो.

मयूरी_ठाणे: काका, तुमच्या क्लबात तालीम लागते. मला तालीम न करता गायचंय आणि तिथे कोणी नाक मुरडत नाही.

गिरगावकर: काका, व्यवस्था सुधारली तरी आवाज आवाजच राहतो. आपल्याकडे साठीच्या आईवडिलांपासून कडेवरच्या पोरापर्यंत अख्खं कुटुंब ब्रंचला येतं. त्यांनी हवं ते गाणं ऐकावं अशी सक्ती का? निदान माईक साडेचारनंतर, जेवण आवरल्यावर सुरू करा.

मयूरी_ठाणे: साडेचारला कोण उरणार? दादा, मालकाचंही बघा. नोव्हेंबर २०२३पासून महाराष्ट्रात बारमधल्या दारूवरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला, शिवाय लायसन्स फी आणि दक्षिण मुंबईचं भाडं. जेवून उठणारं टेबल गाण्यासाठी दोन तास जास्त बसलं तरच रविवार परवडतो. खोली बांधायची तर तेवढी टेबलं गेली.

काउंटरमागून: ताई, टेबल जास्त बसतं हे खरं, पण प्रत्येक टेबल जास्त पितं असं नाही. गाणाऱ्याचा ग्लास तसाच राहतो, ऐकणारे बिअरवर येतात. मी मालकांना दोनच गोष्टी सुचवल्यात: स्पीकर काउंटरकडून वळवून पलीकडच्या भिंतीला लावा, आणि माईक चालू असताना ड्रिंक्सचं कार्ड छोटं ठेवा, हायबॉल (उंच ग्लासात दारू आणि सोडा, शेक न करता) आणि आधी मिसळून ठेवलेली ड्रिंक्स. शेक करायची कॉकटेल दीडच्या आत. स्पीकरचं त्यांना पटलंय, कार्डावर वाद चालू आहे.

गिरगावकर: स्पीकर वळल्यावर कळवा. मी दीडच्या आधीचं टेबल घेईन.